जुना ईपीएबीएक्स आणि टेबलावरचा संगणक: दोघांना जोडायचं कसं

औषधांचा घाऊक व्यापार, बी-बियाण्यांचं दुकान, ट्रान्सपोर्टचं ऑफिस, सीएची फर्म. अशा बहुतेक ठिकाणी भिंतीवर ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातल्या टेलिफोन एक्सचेंजचा, डबा असतो. त्यात तीन-चार लँडलाइन आणि दहा-सोळा इंटरकॉम जोडलेले असतात. शेजारच्या टेबलावर टॅली उघडलेला संगणक असतो. फोन आला की माणूस विचारतो, ‘कोण बोलतंय?’ मग पार्टीचं नाव टॅलीत शोधतो, मग उधारी सांगतो. डबा आणि संगणक दोन फुटांवर असतात, पण डब्याला आलेला नंबर संगणकाला कळत नाही. तो कळावा यासाठी काय करायचं, ते या लेखात आहे. उदाहरण म्हणून चार अॅनालॉग लाइन आणि सोळा एक्स्टेन्शनचं (इंटरकॉमचं) ऑफिस धरलं आहे.

आधी ठरवा: संगणकाला काय कळायला हवं आणि कधी

कॉल संपल्यानंतर त्याची नोंद मिळाली तरी पुरेल, असं असेल तर एका सिरियल केबलवर काम होतं. घंटी वाजत असतानाच पार्टीचं नाव पडद्यावर यायला हवं असेल, तर लाइनवरचा कॉलर आयडी, म्हणजे फोन करणाऱ्याचा नंबर, वाचावा लागतो. संगणकावरच्या नंबरवर क्लिक करून फोन लागावा, कॉल रेकॉर्ड व्हावा, कोणी उचलला तेही कळावं, असं असेल तर लाइन आणि डबा यांच्यामध्ये आयपी पीबीएक्स, म्हणजे संगणकावर चालणारं टेलिफोन एक्सचेंज, बसवावा लागतो. विकायला येणारा माणूस बहुधा तिसराच पर्याय दाखवतो. तुमचं भागणार असेल तर पहिल्यावरच थांबा. तिन्ही पर्यायांत तारा जोडण्याचं काम एका दिवसाचं असतं. खरा वेळ नंबर जुळवण्यात जातो, म्हणून त्याच्यावर पुढे जास्त लिहिलं आहे.

पहिला टप्पा: कॉलची नोंद संगणकात घेणं

ईपीएबीएक्स प्रत्येक कॉल संपल्यावर एक ओळ बाहेर टाकतो. त्यात तारीख, वेळ, एक्स्टेन्शन, लाइन क्रमांक, फिरवलेला किंवा आलेला नंबर आणि कालावधी असतो. या सोयीला एसएमडीआर म्हणतात, काही कंपन्या सीडीआर म्हणतात. जुन्या डब्यांवर त्यासाठी नऊ पिनांचं आरएस-२३२ पोर्ट असतं, तर नव्या मशीनमध्ये हीच ओळ लॅनवरून (ऑफिसच्या नेटवर्कवरून) मिळते. पूर्वी या पोर्टला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लावत. म्हणूनच दर ६६ ओळींनंतर, म्हणजे कागदाचं एक पान भरलं की, मथळ्याच्या ओळी पुन्हा येतात. त्या डेटा नाहीत, गाळून टाकायच्या.

संगणकाला सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागतो. इथे पन्नास-शंभर रुपये वाचवू नका, एफटीडीआय चिपचा घ्या. प्रोलिफिकच्या जुन्या चिपचे आणि तिच्या नकलांचे स्वस्त कन्व्हर्टर विंडोज १० आणि ११ वर ‘कोड १०’ अशी चूक दाखवून अडून बसतात.

केबल सरळ हवी की क्रॉस, हे मल्टिमीटर दोन मिनिटांत सांगतो. डबा चालू ठेवा, मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा, काळी तार डब्याच्या पोर्टच्या ५ नंबरच्या पिनेला आणि लाल तार आधी २ ला, मग ३ ला लावा. जिथे उणे ५ ते उणे १२ व्होल्ट स्थिर दिसतील, ती पाठवणारी पिन. दुसरी शून्याच्या आसपास असते. संगणकाच्या बाजूला पाठवणारी पिन ३ आणि ऐकणारी २. डबाही ३ वरून पाठवत असेल तर क्रॉस केबल, २ वरून पाठवत असेल तर सरळ. पंचवीस पिनांचं पोर्ट असेल तर काळी तार लावायची पिन ५ ऐवजी ७ असते.

केबल १५ मीटरच्या आत ठेवा. डबा जिन्याखाली आणि संगणक दुसऱ्या मजल्यावर असेल तर सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर डब्याजवळ लावून पुढचा रस्ता लॅनवरून घ्या. त्यात आणखी एक फायदा आहे. मे-जूनच्या वळवाच्या पावसात वीज लँडलाइनवरून डब्यात येते आणि सिरियल केबलवरून संगणकाच्या मदरबोर्डपर्यंत जाते. मधे लॅन आला की तो रस्ता तुटतो. सरळ सिरियल केबलच ठेवायची असेल तर ऑप्टो-आयसोलेटर (दोन बाजूंच्या तारा न जुळवता प्रकाशाने सिग्नल पुढे देणारं उपकरण) लावा, आणि क्रोन पट्टीवर (टेलिफोनच्या तारा जिथे जोडतात ती पट्टी) प्रत्येक लाइनला गॅस ट्यूबचं संरक्षण देऊन त्याला खरं अर्थिंग द्या. नळाच्या पाइपला गुंडाळलेली तार अर्थिंग नव्हे.

मग पुटी हा मोफत प्रोग्रॅम उघडा. कनेक्शन सिरियल, पोर्टचं नाव डिव्हाइस मॅनेजरमधून पाहून, वेग डब्याच्या प्रोग्रॅमिंगमध्ये असेल तो. बहुधा ९६०० असतो, जुन्या डब्यांत १२०० ही सापडतो. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. लॉगिंगमध्ये ‘सगळं आउटपुट’ निवडून फाइलचं नाव द्या. एक फोन लावा, ठेवा आणि पाहा.

अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसली तर वेग जुळत नाही. ओळी शिडीसारख्या उजवीकडे सरकत गेल्या तर ओळ संपवण्याची खूण अर्धीच येते आहे, डब्यात ‘सीआर अधिक एलएफ’ असा पर्याय निवडा. काहीच दिसलं नाही तर केबल बदलण्याआधी डब्याचं प्रोग्रॅमिंग पाहा. एसएमडीआर आउटपुट बंद असणं किंवा तेच पोर्ट प्रोग्रॅमिंगसाठी राखलेलं असणं, हे तुटलेल्या केबलपेक्षा जास्त वेळा घडतं. काही डब्यांत येणाऱ्या आणि जाणाऱ्या कॉलच्या नोंदींचे स्विच वेगळे असतात. दोन्ही चालू करा.

संगणकाची झोप बंद करा. यूएसबी पोर्टची वीज वाचवण्याची विंडोजची सोयही बंद करा, नाहीतर रात्री पोर्ट झोपतं आणि सकाळचे कॉल फाइलीत येत नाहीत. डब्यात काही ओळी साठतात, पण तो साठा लहान असतो.

फाइल वाचताना तीन ठिकाणी फसगत होते. एक, तारीख. अनेक डब्यांत महिना आधी आणि दिवस नंतर येतो, त्यामुळे ४ मे आणि ५ एप्रिल यांची अदलाबदल होते. दोन, ट्रान्सफर. रिसेप्शनवरून गोडाऊनला दिलेल्या एका कॉलच्या दोन ओळी होतात. लाइन क्रमांक एकच आणि पहिलीचा शेवट म्हणजे दुसरीची सुरुवात, यावरून त्या जोडाव्या लागतात.

तिसरी फसगत कालावधीची. अॅनालॉग लाइनवर समोरच्याने फोन उचलला हे डब्याला कळतच नाही. तो नंबर फिरवून झाल्यावर काही ठरावीक सेकंदांनी घड्याळ सुरू करतो. त्यामुळे न उचललेला कॉलही वीस-पंचवीस सेकंदांचा झालेला दिसतो. यावर उपाय म्हणजे लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल असणं: समोरच्याने उचलताच लाइनचं अधिक-उणे उलटतं आणि डबा ते ओळखतो. लाइन देणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे ऑपरेटरकडे, लेखी मागणी करा, मिळालं तर डब्यात ते चालू करा. मिळालं नाही तर तीस सेकंदांखालच्या जाणाऱ्या कॉलवर कोणाला जाब विचारू नका.

आता लँडलाइनच्या बहुतेक योजनांत कॉल अमर्याद असतात, त्यामुळे बिल तपासायला ही नोंद फारशी लागत नाही. तिचा खरा उपयोग म्हणजे न उचललेल्या कॉलची यादी. दुपारी एक ते तीनमध्ये कोणकोणत्या पार्टीचे फोन वाजून बंद झाले, ते चार वाजता कागदावर मिळालं की केबलचे पैसे वसूल झाले. ही यादी नंबरांसह हवी असेल तर लाइनवर कॉलर आयडी चालू असावा लागतो.

दुसरा टप्पा: घंटी वाजताना नाव दिसणं

ऑपरेटरकडून कॉलर आयडी चालू करून घ्या. मग ईपीएबीएक्स बाजूला ठेवा. क्रोन पट्टीवरून लाइन सोडवून कॉलर आयडीचा साधा फोन थेट तिच्यावर लावा. तिथे नंबर दिसला नाही तर पुढचं काहीही विकत घेऊ नका.

आपल्याकडच्या तांब्याच्या लँडलाइनवर नंबर बहुधा डीटीएमएफ पद्धतीने येतो: लाइनची पोलॅरिटी उलटते, नंबराचे आकडे बटण दाबल्यासारख्या सुरांत येतात आणि त्यानंतर पहिली घंटी वाजते. दुसरी पद्धत एफएसके. तिच्यात नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधे मोडेमसारख्या आवाजात येतो. परदेशी बाजारासाठी बनवलेले मोडेम आणि कॉलर आयडीचे डबे बहुधा फक्त एफएसके समजतात. ऑनलाइन मागवलेला डबा घरी ‘एकही नंबर दाखवत नाही’ याचं नेहमीचं कारण हेच. खरेदी करताना डब्यावर डीटीएमएफ लिहिलेलं पाहा. फायबरची जोडणी असेल तर लँडलाइन ओएनटीच्या, म्हणजे फायबरचा शेवट होतो त्या डब्याच्या, फोन पोर्टमधून येते आणि पद्धत तो ओएनटी ठरवतो. म्हणजे तांब्यावरून फायबरवर गेलेल्या ऑफिसात कालपर्यंत दिसणारा नंबर आज गायब होऊ शकतो, आणि दोष डब्यात नसतो.

यूएसबी कॉलर आयडी डबा लाइनला समांतर जोडायचा, ईपीएबीएक्सच्या आधी. ईपीएबीएक्सच्या पलीकडे इंटरकॉमवर जोडला तर ट्रान्सफर झालेल्या कॉलवर रिसेप्शनचा नंबर दिसतो, ग्राहकाचा नव्हे. चार लाइनसाठी चार पोर्टचा एकच डबा घ्या. चार वेगळे डबे यूएसबीवर लावले की विंडोज कधीतरी त्यांचे पोर्ट क्रमांक बदलतं आणि लाइन दोनचा कॉल लाइन चारवर दिसू लागतो.

या टप्प्याची मर्यादा एवढीच, की लाइन दोनवर कोण आहे हे कळतं, पण तो कॉल कोणत्या टेबलावर उचलला हे कळत नाही. एकच माणूस फोन घेत असेल तर त्याने काही अडत नाही.

नंबर जुळवणं

संगणकाला नंबर मिळाला, टॅलीत तोच नंबर आहे, तरी नाव येत नाही. कारण लाइनवर ०९८… येतो, कधी ९१९८… येतो, आणि टॅलीत ‘९८… / ९७… घर’ असं लिहिलेलं असतं.

आलेल्या नंबरावर या क्रमाने काम करा. आकडे सोडून सगळं काढा. नंबर दोन शून्यांनी सुरू होत असेल आणि पुढे ९१ नसेल, तर तो परदेशी आहे, जसाच्या तसा ठेवा. उरलेल्यांत दहापेक्षा जास्त आकडे असतील तर शेवटचे दहा ठेवा. यात शून्य, ९१ आणि ००९१ तिन्ही निघून जातात. आठ, सात किंवा सहा आकडे असतील तर ती स्थानिक लँडलाइन आहे. तिच्यापुढे आपल्या शहराचा एसटीडी कोड शून्याशिवाय लावा: पुण्यात २०, नाशकात २५३, कोल्हापुरात २३१. भारतात शून्य वगळून कोड आणि नंबर मिळून दहाच आकडे होतात, त्यामुळे मोबाइल आणि लँडलाइन एकाच साच्यात बसतात. सहापेक्षा कमी आकडे असतील तर शोधूच नका.

हेच काम टॅलीतल्या यादीवरही करायचं. तिरकी रेघ आणि स्वल्पविराम दिसला की नंबर तोडून दोन वेगळ्या नोंदी करा. यादी एक्सेलमधून जात असेल तर नंबरांचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि लांब नंबर दशांशात गुंडाळले जातात.

एकाच नंबरावर दोन पार्ट्या सापडणं ही चूक समजू नका. दोघा भावांच्या दोन फर्म, एक मोबाइल, हे आपल्याकडे नेहमीचं. पडद्यावर दोन्ही नावं दाखवा. प्रोग्रॅमने स्वतःच एक निवडली तर एखाद्या दिवशी धाकट्याची उधारी थोरल्याला सांगितली जाईल.

टॅलीला प्रत्येक कॉलच्या वेळी प्रश्न विचारू नका. टॅलीप्राइम सर्व्हरसारखी चालवता येते आणि नेहमीच्या मांडणीत पोर्ट ९००० वर एक्सएमएलमध्ये उत्तर देते. ही सोय एफ१, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी इथे चालू होते. पण ती उघडी नसेल किंवा त्याच वेळी कोणी मोठा रिपोर्ट काढत असेल, तर घंटी थांबेपर्यंत नाव येत नाही. त्यापेक्षा रोज रात्री आणि दुपारी एकदा पार्टी, नंबर आणि बाकी एवढी यादी ओढून एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा आणि कॉल आला की तिथे शोधा. पडद्यावर बाकीशेजारी ‘दुपारी २ पर्यंत’ असं लिहा, म्हणजे वाद होत नाहीत.

तिसरा टप्पा: मधे आयपी पीबीएक्स

यासाठी अॅस्टरिस्क हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मार्क स्पेन्सर यांनी ते १९९९ मध्ये लिहायला घेतलं, त्यांची डिजियम कंपनी २०१८ मध्ये सँगोमाकडे गेली, आणि आजही ते मोफत मिळतं. त्यावर फ्रीपीबीएक्सचा पडदा टाकला की बहुतेक कामं ब्राउझरमधून होतात. फ्रीपीबीएक्स १७ डेबियन १२ या लिनक्सवर बसतं. चार लाइनच्या ऑफिसला ४ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेला वापरलेला डेस्कटॉप चालतो.

सामान असं: चार एफएक्सओ पोर्टचा गेटवे (फोन लाइन आणि लॅन यांना जोडणारा डबा), चार एफएक्सएस पोर्टचा गेटवे, आठ पोर्टचा स्विच, आणि या सगळ्यांना पुरेल असा यूपीएस. एफएक्सओ आणि एफएक्सएस यांत गोंधळ होतोच, म्हणून एवढं ध्यानात ठेवा: ‘ओ’ला ओळ, ‘एस’ला संच. एफएक्सओला टेलिफोन कंपनीची लाइन जोडायची. एफएक्सएस स्वतः लाइन देतो, त्याला फोनचा संच किंवा ईपीएबीएक्सचं लाइन पोर्ट जोडायचं. एफएक्सएसमध्ये चुकून कंपनीची लाइन गेली तर पोर्ट जळू शकतं. कारण लाइनवर आधीच ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटीच्या वेळी सुमारे ७५ व्होल्ट एसी येतात. म्हणून घंटी वाजत असताना उघड्या तारेला हातही लावू नका.

जोडणीचा क्रम: कंपनीची लाइन, एफएक्सओ गेटवे, लॅन, अॅस्टरिस्क, लॅन, एफएक्सएस गेटवे, ईपीएबीएक्सचं लाइन पोर्ट. ईपीएबीएक्सला वाटतं आपल्याला लाइनच मिळाली आहे. सोळाही इंटरकॉम, त्यांचे नंबर, साहेबांच्या केबिनचा जुना फोन, काहीच बदलत नाही. पुढे डबा बंद पडला तर सोळा किंवा चोवीस पोर्टचा एफएक्सएस गेटवे घेऊन त्याच तारा क्रोन पट्टीवरून त्यात टाकता येतात. सुरुवातीलाच सगळ्यांना आयपी फोन घेणं आम्हाला उधळपट्टी वाटते. ज्या दोन-तीन टेबलांवर दिवसभर फोन चालतो, तिथे घ्या. तिथे संगणकाला कोणी उचललं हेही नेमकं कळतं.

गेटवे, अॅस्टरिस्क आणि आयपी फोन यांना पक्के आयपी द्या. वेळेचा विभाग आशिया-कोलकाता ठेवा. आवाजासाठी कोडेक जी.७११ ए-लॉ निवडा, आपल्याकडे तोच चालतो. अमेरिकी म्यू-लॉ ही गेटवेची मूळ मांडणी असते, ती बदला. एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ९० केबीपीएस लागतात, लॅनला ते काहीच नाही.

एफएक्सओ गेटवेत तीन गोष्टी भारतासाठी लावाव्याच लागतात.

कॉलर आयडी: ‘डीटीएमएफ, घंटीपूर्वी, लाइन रिव्हर्सलसह’ या अर्थाचा पर्याय आधी लावून पाहा. फायबरच्या ओएनटीवर चालला नाही तर एफएसके. गेटवेऐवजी संगणकातच लाइनचं कार्ड लावत असाल तर अॅस्टरिस्कमध्ये भारताच्या पद्धतीसाठी वेगळा पोलॅरिटीचा पर्यायच दिलेला आहे. नंबराचा पहिला आकडा गळत असेल तर गेटवे उशिरा ऐकायला लागतो आहे, रिव्हर्सल ओळखण्याचा पर्याय बदला.

कॉल संपल्याची खूण: इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. ग्राहकाने फोन ठेवला तरी गेटवेला ते कळत नाही, लाइन तासभर अडकून राहते, बाहेरच्याला एंगेज लागतो. आपला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, ७५० मिलिसेकंद चालू आणि ७५० बंद असा असतो. कंजेशनचा (मार्ग व्यस्त असल्याचा) टोन त्याच सुराचा, पण २५० चालू आणि २५० बंद. दोन्ही गेटवेत लिहा. काही गेटवेत एकक दहा मिलिसेकंदांचं असतं, तिथे ७५ आणि ७५ लिहायचं. शिवाय कमाल कॉल दोन तासांचा अशी मर्यादा घाला.

इम्पीडन्स (लाइनचा विद्युत अडथळा): गेटवेत लाइन तपासून आपोआप जुळवण्याची सोय असेल तर प्रत्येक लाइनवर ती चालवा, नसेल तर देश भारत किंवा ६०० ओहम. बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो तेव्हा कारण इथे असतं. आवाज मोठा करून तक्रार वाढते. उलट लाइनकडचा आवाज तीन-चार डेसिबलने कमी करा.

डायल करण्याचे नियम

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लागतं. ईपीएबीएक्समध्ये बाहेरची लाइन घ्यायलाही बहुधा शून्यच असतं. म्हणजे माणूस दोनदा शून्य फिरवतो, आणि परदेशी कॉलची सुरुवातही दोन शून्यांनी होते. यातून ‘फोन लागत नाही’ या तक्रारींचा ढीग होतो.

अॅस्टरिस्कमध्ये हे निस्तरता येतं. ६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की पुढे शून्य लावा. शून्यासह अकरा आकडी आला तर तसाच सोडा. स्थानिक सहा ते आठ आकडी तसाच. ११२ आणि इतर तीन आकडी सेवा तशाच. दोन शून्यांनी सुरू होणारं सगळं बंद, ज्याला परदेशी कॉल लागतात त्याच्यापुरतं वेगळ्या पिनवर (गुप्त आकड्यावर) उघडा. काही शहरांत स्थानिक आठ आकडी नंबरही ६ किंवा ७ ने सुरू होतो, त्यामुळे आठवा आकडा झाल्यावर यंत्रणा तीन-चार सेकंद थांबते. ते बिघाडाचं लक्षण नाही. आयपी फोनवर नंबरानंतर पाउंडचं (#) बटण दाबलं की थांबत नाही.

पडद्यावर नाव आणि क्लिकवर फोन

अॅस्टरिस्कचा मॅनेजर इंटरफेस, म्हणजे एएमआय, पोर्ट ५०३८ वर प्रत्येक घडामोड सांगत असतो. त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता करा, त्याला फक्त कॉलच्या घडामोडी वाचण्याचा आणि कॉल सुरू करण्याचा अधिकार द्या, आणि ज्या संगणकावर तुमचा प्रोग्रॅम चालतो तेवढ्याच आयपीला परवानगी द्या.

प्रोग्रॅमने ‘डायल बिगिन’ ही घडामोड पकडायची. तिच्यात आलेला नंबर आणि कोणता फोन वाजतो आहे, दोन्ही असतं. तीन फोन एकदम वाजत असतील तर तीन घडामोडी येतात, पण तिघींचा ‘लिंक्ड आयडी’ एक असतो. त्यावरून एकच कॉल आहे हे ओळखा. तिघांच्या पडद्यावर नाव दाखवा, एकाने उचलताच दोघांचं पुसा. हे पुसणं विसरलं की दिवसाच्या शेवटी प्रत्येकाच्या पडद्यावर पंचवीस खिडक्या साठतात आणि लोक प्रोग्रॅमच बंद करतात.

क्लिकवर फोन लावताना ‘ओरिजिनेट’ ही आज्ञा आधी तुमचा स्वतःचा फोन वाजवते. तुम्ही उचलला की मग ग्राहकाला लावते. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा, नाहीतर ‘क्लिक केलं तर मलाच फोन आला’ म्हणून लोक ठेवून देतात. कॉलर आयडीच्या जागी ग्राहकाचं नाव पाठवलं तर स्वतःच्या फोनवर कोणाला लागतोय ते दिसतं. ईपीएबीएक्समागच्या इंटरकॉमना मात्र ही सोय नीट देता येत नाही. कारण अॅस्टरिस्कला तिथे फक्त लाइन दिसते, माणूस दिसत नाही.

रेकॉर्डिंग

साध्या वेव्ह फाइलला, ८ किलोहर्ट्झ आणि १६ बिटला, मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते. रोज एकूण ६०० मिनिटं धरली तर दिवसाला सुमारे ६०० एमबी, २६ दिवसांत १५ जीबी. जीएसएम प्रकारात साठवलं तर जागा दशांशावर येते आणि ‘किती पेट्या म्हणाले’ हे ऐकायला तेवढं पुरतं. तीन महिन्यांपेक्षा जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था आधीच करा. डिस्क भरली की अॅस्टरिस्क आधी रेकॉर्डिंग आणि मग इतर बऱ्याच गोष्टी बंद पाडतं. कॉल रेकॉर्ड होतो आहे ही सूचना मराठीत सुरुवातीला वाजवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हे केवळ सौजन्य राहिलेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात

इथे दिलेली जोडणी एका इमारतीतली आहे. एका शहरातली लँडलाइन इंटरनेटवरून दुसऱ्या शहरातल्या शाखेत नेऊन एसटीडी टाळणं म्हणजे टोल बायपास, त्याला परवानगी नाही. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरसारख्या सेवांचे नियम बरेच सैल केले, पण ही मनाई त्यात गेली असं समजू नका. शाखा जोडायच्या असतील तर ऑपरेटरकडून लेखी घ्या. एसआयपी ट्रंक, म्हणजे नेटवर्कवरून मिळणारी फोन लाइन, परवानाधारक ऑपरेटरचीच घ्या. आणि क्लिकवर फोन लागतो म्हणून दिवाळीच्या ऑफरचे दोनशे कॉल लँडलाइनवरून करू नका. जाहिरातीच्या कॉलसाठी नोंदणी आणि १४० ची मालिका लागते, तक्रार झाली तर नंबर बंद होतो.

रविवारचं काम

बदल सुट्टीच्या दिवशी करा. आधी क्रोन पट्टीचा फोटो काढा आणि प्रत्येक जोडीवर लाइनचा नंबर लिहा. जुने जंपर (पट्टीवरच्या जोडतारा) कापू नका, सोडवून बाजूला बांधा. सोमवारी सकाळी काही फसलं तर पंधरा मिनिटांत जुनी जोडणी परत करता आली पाहिजे. आधी एकच लाइन हलवा, ती दोन दिवस चालवा, मग उरलेल्या तीन.

प्रत्येक लाइनवर एवढं तपासा: मोबाइलवरून कॉल, नंबर पूर्ण दिसतो का. स्थानिक लँडलाइनवरून कॉल. बाहेरच्याने आधी ठेवल्यावर लाइन किती सेकंदांत मोकळी होते. इकडून मोबाइल, लँडलाइन आणि ११२ कडे जाणारा मार्ग. ११२ ला खरोखर फोन लावू नका, नोंदीत मार्ग पाहा. पाच मिनिटं सलग बोलून पाहा. ‘एक दाबा, दोन दाबा’ असा बँकेचा मेनू चालतो का तेही पाहा.

तांब्याची लँडलाइन वीज गेली तरी एक्सचेंजच्या बॅटरीवर चालते, गेटवे चालत नाही. म्हणून चारपैकी एका लाइनवर वीज गेल्यावर लाइन सरळ फोनला जोडणारा गेटवे लावा, किंवा ती एक लाइन या सगळ्यातून बाहेर ठेवा. फायबरवर असाल तर ओएनटी यूपीएसवर घ्या.

नंतर येणाऱ्या तक्रारी

कॉल बरोबर बत्तीस सेकंदांनी तुटतो, असं फक्त एसआयपी ट्रंकवर किंवा बाहेरून जोडलेल्या फोनवर घडत असेल, तर राउटरमुळे एक पोच हरवते आहे. राउटरमधला एसआयपी एएलजी नावाचा पर्याय बंद करा आणि अॅस्टरिस्कमध्ये बाहेरचा आयपी व आतलं नेटवर्क नीट लिहा. एकाच बाजूने आवाज येतो, तेव्हाही बहुधा हेच, किंवा १०००० ते २०००० ही यूडीपी पोर्टं फायरवॉलमध्ये अडकलेली.

दुपारी आवाज तुटक येतो आणि सकाळी नाही: सीसीटीव्ही किंवा बॅकअप अपलोड खातोय का ते पाहा. आवाजाला डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण देऊन राउटरमध्ये पहिला मान द्या.

रात्री दोन-तीन वाजता अनोळखी कॉलच्या प्रयत्नांची रांग नोंदीत दिसली तर कोणीतरी राउटरवर पोर्ट ५०६० बाहेर उघडलं आहे. ते बंद करा. बाहेरून फोन जोडायचाच असेल तर व्हीपीएनमधून. एक्स्टेन्शन २०१ चा पासवर्ड २०१ ठेवण्याची सवय इथे महागात पडते, कारण चोरांचे प्रोग्रॅम नेमका तोच आधी वापरून पाहतात.

आणि नाव दिसणं अचानक बंद झालं, पण नंबर दिसतोय, तर जोडणीला हात लावण्याआधी टॅलीत नवं आर्थिक वर्ष किंवा नवी कंपनी उघडली का ते विचारा. रात्रीची यादी जुन्याच कंपनीतून ओढली जात असते.